सोलापुरात बसून घरून काम: दिव्यांगांना प्रत्यक्षात काय मिळतं आणि कुठे अडतं?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज धागा काढतोय.

मी बी.कॉम., टॅली आणि जीएसटीचं काम व्यवस्थित येतं. अपघातात मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर. घर जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. खाली उतरायचं तर दोन तगडी माणसं लागतात आणि दोघांनाही एकाच वेळी सवड लागते. पूर्वी एका चादर-टॉवेलवाल्यांकडे हिशेब बघायचो. मालक अजून फोन करून चौकशी करतात, पण त्यांचं ऑफिस माडीवर आणि संडास खाली मागच्या अंगाला. म्हणून घरून काम शोधतोय.

जाहिरातीत 'रिमोट' लिहिलेलं असतं. फोनवर बोलल्यावर कळतं की पहिले तीन महिने पुण्यात ट्रेनिंग. अहो, रोज ऑफिसात जाता आलं असतं तर हुतात्मा एक्स्प्रेस पकडून कधीच पुण्याला गेलो असतो, रिमोट कशाला शोधला असता?

दुसरा प्रकार म्हणजे नऊ तास कॅमेरा चालू. जागेवरून हललात की सिस्टीम 'आयडल' दाखवणार. मला दर अर्ध्या तासाला दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचलून धरावं लागतं, नाहीतर बसल्या जागी जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. दुपारी तासभर पालथं पडावं लागतं. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) वेळा ठरलेल्या असतात. आठ तासांचं काम मी देतो, पण सलग आठ तास बसणं जमत नाही. हे मुलाखतीत कसं सांगायचं?

एका मुलाखतीत सगळं बरं चाललं होतं. बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस, सगळं विचारून झालं. मग मी पाणी प्यायला वळलो आणि कॅमेऱ्यात खुर्चीची दांडी दिसली. पुढचे प्रश्न टॅलीचे नव्हते. "घरी तुमचं कोण करतं?", "तब्येत बिघडली तर काम कोण बघणार?" त्यानंतर मेल नाही, फोन नाही.

तर दोन प्रश्न. सीव्हीत अपंगत्व लिहावं का? आणि सोलापुरात बसून कोणी खरोखर महिन्याच्या महिन्याला पैसे मिळवतंय का?

होटगीकर

डेटा एंट्री करा की दादा. घरबसल्या लई जाहिराती येऊलालेत. माझ्या मोबाइलवर रोज दोन-तीन मेसेज असतात.

रद्दी_पेपर

होटगीकर, त्याच मेसेजांपासून लांब राहायचं असतं!

तिसरा_मजला, पद्धत ऐकून ठेवा. आधी नोंदणीचे किंवा सॉफ्टवेअरचे पैसे मागतात. मग अक्षरं पुसट झालेली स्कॅन पानं टाइप करायला देतात. मुदतीत दिलंत की म्हणतात अचूकता कमी आली, करार मोडला, दंड भरा. वर कोर्टाचा शिक्का असलेली नोटीस व्हॉट्सॲपवर. ती नोटीस बनावट असते, पण घाबरून पैसे भरणारे खूप. दुसरा प्रकार टेलिग्रामवरच्या 'टास्क'चा. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात, मग मोठ्या टास्कसाठी आधी पैसे भरा म्हणतात.

कामाला ठेवणारा माणूस तुमच्याकडून पैसे घेत नाही, देतो. बस. कोणाचे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, लगेच फोन करा. तास-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. घरी बसलेल्या, कामाच्या शोधातल्या माणसालाच हे लोक बरोबर हेरतात.

कानोसा

मी पूर्ण अंध आहे, एका कंपनीत ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं द्यायचं काम करते. घर साखर पेठेत. पगार महिन्याला येतो, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो'.

माझी अडचण काम मिळायच्या आधीची होती. काम स्वतः सोपं आहे. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते. ते फुकट आहे, मराठी मजकूरही वाचतं. पण अर्जाच्या फॉर्मलाच चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखा म्हणतात. ते झालं तर ऑनलाइन चाचणीत उत्तराचा डबा माउसने ओढून दुसऱ्या डब्यात टाका. वरून घड्याळ चालू. परीक्षेवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरलाच 'संशयास्पद प्रोग्रॅम' म्हणून बंद करतं. मी नापास झाले ते चाचणीचं पान कीबोर्डवर चालत नव्हतं म्हणून, आणि कंपनीकडे नोंद झाली ती उमेदवार नापास एवढीच.

निवड झाल्यावरही सुटका नाही. पगाराचं खातं उघडायला व्हिडिओ केवायसी, त्यात कॅमेऱ्याकडे बघून पापणी मिटा. माझ्या डोळ्यांना ते जमत नाही आणि चेहरा चौकटीत आहे की नाही तेही मला कळत नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने याच विषयावर निकाल दिलाय. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिका होत्या. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय आणि केवायसी सगळ्यांना करता येईल अशी करा म्हणून २० निर्देश दिलेत. शाखेत कोणी 'नियमात बसत नाही' म्हणालं तर हा निकाल सांगा. मी सांगितला. मॅनेजरने आधी ऐकलं नव्हतं, मग मोबाइलवर शोधून वाचला आणि कागदावर केवायसी करून दिलं.

सीव्हीचं माझं मत: लिहू नका. शॉर्टलिस्ट होऊ द्या. चाचणीची लिंक यायच्या आधी मात्र सांगाच, कारण तिथे गाडी अडणार हे मला माहीतच असतं.

नवीपेठ_ते_हिंजवडी

मी मूळची सोलापूरची, पुण्यात एचआरमध्ये आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं थोडं सांगते, राग मानू नका.

तीन महिने ऑफिसात या, यामागे बऱ्याचदा दोनच कारणं असतात. लॅपटॉप हातात द्यायचा असतो, आणि क्लायंटने लिहून घेतलेलं असतं की नव्या माणसाला थेट घरी डेटा उघडू द्यायचा नाही. पहिलं कुरिअरने सुटतं. दुसरं सुटायला मॅनेजरने क्लायंटला विचारावं लागतं, आणि मॅनेजर विचारत नाही कारण त्याला तसं कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून ट्रेनिंगचं ऐकून फोन ठेवू नका. 'लॅपटॉप पाठवून ट्रेनिंग ऑनलाइन होईल का' असं मेलवर विचारा. लेखी विचारलं की कोणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागतं.

आणि आजाराचं नाव लिहू नका. काय लागतं ते लिहा. आम्हाला 'पॅराप्लेजिया' वाचून काही कळत नाही, मग प्रत्येकजण मनाने चित्र रंगवतो.

विधी_निषेध

पण त्यांनी द्यायलाच पाहिजे ना? २०१६ चा कायदा आहे. वाजवी सोयीसुविधा देणं बंधनकारक आहे.

नवीपेठ_ते_हिंजवडी

इथेच गल्लत होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं कलम २० नीट वाचा. सोयीसुविधा पुरवायची थेट जबाबदारी त्यात सरकारी आस्थापनांवर आहे. ४ टक्के आरक्षणही सरकारी नोकरीतलं. खाजगी कंपनीला धरायचं तर याच कायद्यातलं कलम २१: समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेने त्यात कोणती पदं योग्य आहेत, निवड कशी होईल, काय सोयी मिळतील हे लिहायचं असतं आणि संपर्क अधिकारी नेमायचा असतो.

अर्ज करण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर हे धोरण आहे का बघा. असेल तर त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मेल टाका, भरतीच्या सामायिक ईमेलवर नको. नसेलच, तर ती कंपनी कशी आहे याचा अंदाज तिथेच येतो. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीतून नोकरी लगेच लागत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

शेंगाचटणी

माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर. ग्राफिकचं काम फार सुरेख करते, लग्नपत्रिकांपासून कंपन्यांच्या पोस्टपर्यंत. तिला लपवायची सोयच नाही हो. पहिलाच फोन येतो, "हॅलो, दोन मिनिटं बोलू शकता का?" फोन मी उचलते. 'ती बोलू शकत नाही, चॅटवर घ्या' म्हटलं की पलीकडे शांतता, मग "ठीक आहे, कळवतो".

आता तिने सीव्हीत नंबराच्या जागीच लिहिलंय: संपर्क फक्त व्हॉट्सॲप किंवा ईमेल, मी कर्णबधिर आहे, मीटिंगमध्ये कॅप्शन चालू ठेवून काम करते. बोलावणी कमी येतात, पण जी येतात ती पुढे सरकतात. घरात लाइव्ह ट्रान्सक्राइब हे बोललेलं लिहून दाखवणारं ॲप लावून ठेवलंय, ते मराठी घेतं. आमच्या घरात मात्र निम्मं कन्नड, निम्मं मराठी, एकाच वाक्यात दोन्ही. त्यात त्या ॲपची जी त्रेधा उडते! परवा आजीने भाकरी मागितली आणि स्क्रीनवर बाकरवडी उमटली.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. कानोसा ताई म्हणतात लिहू नका, शेंगाचटणी ताई म्हणतात आधीच लिहा. वाचून असं वाटलं की दोघींचं एकच आहे. ज्या पायरीवर प्रक्रिया आपल्यासाठी अडणार, तिच्या एक पायरी आधी सांगायचं. बहिणीची पहिली पायरी फोन, म्हणून सीव्हीत. कानोसा ताईंची चाचणी, म्हणून शॉर्टलिस्टनंतर. माझी पायरी कामाचे तास. म्हणजे मी मुलाखतीत स्वतःच बोलावं, दांडी दिसायची वाट न बघता.

असं लिहिलंय, बघा कसं वाटतं:

"मी व्हीलचेअर वापरतो. घरी टेबल, इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे. रोज आठ तास काम करेन, ते सकाळी ८ ते १२ आणि दुपारी २ ते ६ असं विभागून. मधल्या वेळेत तातडीचा फोन घेऊ शकतो. ट्रेनिंग ऑनलाइन घेता आलं तर पहिल्या दिवसापासून रुजू होऊ शकतो."

नवीपेठ_ते_हिंजवडी

उत्तम. 'इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट' हे अजिबात काढू नका. सोलापूर म्हटलं की उन्हाळा आणि वीज हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येतोच, तुम्ही आधीच उत्तर दिलंत.

भवानी_पेठ

तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं ठीक आहे. आमच्याकडची अडचण ऐका. माझ्या पुतण्याला पोलिओ. त्याला संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान चालू आहे, आम्ही त्याला 'पगार' म्हणतो. आधी दीड हजार होता, २०२५ मध्ये दिव्यांगांचा अडीच हजार केला. उत्पन्नाची अट दिव्यांगाला वर्षाला पन्नास हजार. म्हणजे महिन्याला साडेचार हजारांचं बारीकसं काम जरी धरलं तरी तो पन्नास हजारांच्या वर जातो आणि पगार बंद. काम तीन महिन्यांत सुटलं तर? परत तलाठी, परत उत्पन्नाचा दाखला, परत तहसील, परत समितीची बैठक. त्याच्या आईचं एकच म्हणणं, हातातलं सोडू नको. तिला चूक कसं म्हणू?

रद्दी_पेपर

यावर माझ्याकडे उत्तर नाही, भवानी_पेठ. कागदावर हे 'सहाय्य' आहे, प्रत्यक्षात ते लहान कामाच्या आड येतं. काम सुटल्यावर काही महिने अनुदान आपोआप परत सुरू होण्याची सोय असती तर लोकांनी धाडस केलं असतं. मला विचाराल तर हे अडीच हजार सोडून तात्पुरतं, तुकड्यावरचं काम धरू नये. नेमणूकपत्र असलेलं, पीएफ कापणारं काम असेल तरच अनुदान सोडावं.

पद्मशाली_पोरगी

तुकड्यावरच्या कामाचं निघालं म्हणून लिहिते. सोलापूरला घरून काम म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. माझी आई विडी घरकुलात उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. पान भिजवायचं, कातरायचं, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. तपासणारा त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. पाठ गेली, बोटं गेली.

आता माझा भाऊ, त्याचा डावा हात अधू आहे, तो लॅपटॉपवर फोटोतल्या गाड्यांभोवती चौकोन काढतो. चौकोनामागे पैसे. तपासणारा कुठे बसतो माहीत नाही, तोही काही बाजूला काढतो, कारण सांगत नाही. एका हाताने माउस आणि कीबोर्ड दोन्ही चालवायचं, त्यामुळे वेग कमी, म्हणजे कमाईही कमी. तुकड्यावरचा दर दोन हातांच्या वेगाने ठरवलेला असतो. आईला निदान भविष्यनिर्वाह निधी होता. घरी विडी वळणाऱ्या बायकाही कामगारच, हे १९८५ सालीच सुप्रीम कोर्टाने मान्य केलंय. भावाला काय आहे? एक लॉगिन.

तरी तो सोडत नाही, कारण दुसरं काय? पण कोणी 'घरून काम म्हणजे स्वातंत्र्य' म्हणालं की मला सूप आठवतं.

हिशेबनीस

नमस्कार. मी सीएंकडे काम करतो, सोलापूर आणि पुणे दोन्हीकडची कामं बघतो. पद्मशाली_पोरगीचं वाचल्यावर तिसरा_मजला यांना सांगावंसं वाटलं की तुमच्या हातात जे आहे ते तासावर किंवा तुकड्यावर विकू नका.

जीएसटीचं काम तारखेवर चालतं. दरमहा भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, अकरा तारखेपर्यंत, आणि कर भरायचं ३बी वीस तारखेपर्यंत. तुम्ही दुपारी पालथे पडलात की रात्री दहाला बसलात, याच्याशी व्यापाऱ्याला काही देणंघेणं नाही. वीस तारखेला चलन गेलं पाहिजे, एवढंच. नोकरी शोधत राहाच, पण सोबत दर महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर तीन-चार गिऱ्हाइकं धरा. सुरुवात तुमच्या जुन्या मालकांपासून. ते फोन करतात म्हणता ना? त्यांना म्हणा, टॅली सर्व्हरवर ठेवा, मी घरून उघडतो. बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका म्हणावं, त्यात निम्मी हरवतात. स्कॅन करून तारखेनुसार फोल्डरमध्ये टाकायची सवय त्यांच्या पोराला लावा. पहिले दोन महिने डोकेदुखी, मग सुरळीत.

पैशाचं एक. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर आयकरात दिव्यांग व्यक्तीला ७५ हजारांची वजावट असते, ८० टक्के आणि पुढे असेल तर सव्वा लाखाची. पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर कंपनी नवीच धरून टीडीएस कापते, मग विवरणपत्र मुदतीत भरताना जुनी निवडावी लागते. नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात हिशेब मांडून ठरवा. कमी पगारात नव्या प्रणालीतही कर शून्यच येतो, तेव्हा उगाच हट्ट नको.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढलंय ना?

तिसरा_मजला

प्रमाणपत्र जुनं, कागदी आहे. कार्डासाठी ऑनलाइन अर्ज भरलाय, आता सिव्हिलला तपासणीला जायचंय. परत तीच दोन तगडी माणसं. मालकांना उद्या फोन करतो. खरं सांगायचं तर ते 'हो' म्हणतील याचीच भीती वाटते, कारण त्यांच्या पोराला फोल्डर म्हणजे काय ते माहीत नाही.

कानोसा

सिव्हिलला सकाळी लवकर जा. तपासणीचं मेडिकल बोर्ड ठरावीक वारीच बसतं, तेवढं आधी फोन करून विचारा. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट मूळ प्रतीत न्या. झेरॉक्स सोबत असू द्याच, आतलं झेरॉक्स मशीन नेमकं त्या दिवशी बंद असतं.

अक्कलकोट_रोड

सगळं वाचलं. सगळे पदवीधर, सगळ्यांकडे लॅपटॉप. माझ्या भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू कमजोर होत जातात. वय एकोणीस, दहावी झालाय, त्यानंतर शाळा सुटली कारण शाळा वरच्या मजल्यावर गेली. घरात एकच स्मार्टफोन, तोही बाबांबरोबर एमआयडीसीत कामावर जातो. हाताची बोटं थोडी हलतात, बोलणं चांगलं आहे. तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी चारही बोलतो. याच्यासाठी काही आहे का?

हिशेबनीस

आज लगेच कामाचं म्हणाल तर थोडंच आहे, खोटं कशाला बोलू. पण बारावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) घरी अभ्यास करून देता येते, लेखनिकही मिळतो. पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी.

कानोसा

अक्कलकोट_रोड, चार भाषा हीच त्याची पुंजी आहे. आमच्याच टीममध्ये कन्नड आणि तेलुगू दोन्ही बोलणारं माणूस मिळत नाही, त्यासाठी बंगळूर-हैदराबादला शोधतात. फोनवरच्या ग्राहकसेवेत टाइप थोडं लागतं, ते बोलून करता येतं. अँड्रॉइडच्या व्हॉइस ॲक्सेसवर बोट न लावता फोन चालतो. मात्र त्या ॲपला आज्ञा मराठीत कळत नाहीत, पंचवीस-तीस इंग्रजी शब्द पाठ करावे लागतील. आवाज रेकॉर्ड करून द्यायचीही कामं निघतात, पण पैसे देणार का ते आधी विचारा. भारतीय भाषांचे आवाज गोळा करणारं सरकारचं भाषादान आहे, ते सेवाभावी आहे, त्यात मानधन नाही.

सगळ्यात आधी त्याला स्वतःचा फोन लागेल. जुना चालेल. माझ्याकडे एक पडून आहे, स्क्रीनला वर कोपऱ्यात तडा आहे, मला त्याचा काय फरक पडतो. साखर पेठेतून कोणी घेऊन जाणार असेल तर संध्याकाळी सहानंतर निरोप टाका.

अक्कलकोट_रोड

ताई, उद्या नको, उद्या आमच्याकडे पाणी यायचा दिवस आहे. परवा बाबा येतील.